लाल दाण्याचा डोंगर

घरात कुणी चप्पल झटकली की चाळणकाका हातातलं काम टाकून बघायला येत. पाहुण्यांना तो विनोद वाटे. समुद्रावरून आलेल्या माणसाने दारातच जुन्या वर्तमानपत्रावर पाय झाडायचे, काकांनी खिशातलं भिंग काढून गुडघ्यांवर बसायचं, चिमूटभर वाळू तळहातावर फिरवायची आणि "आज काहीच नाही," असं पुटपुटत उठायचं. उठताना गुडघे कडाकडा वाजायचे. "काका, काय हरवलंय?" असं एखादा नवखा विचारी, आणि घरातले सगळे एकदम दुसऱ्याच विषयावर बोलू लागत.

काय हरवलंय ते सांगायचं तर आधी काकांचं काम सांगायला हवं. ते ज्या ऑफिसात होते त्याला सगळं शहर दगडखातं म्हणे. तिथली माणसं डोंगर बघायची, दगड फोडायची, नकाशे रंगवायची. काकांच्या वाट्याला आली होती वाळू. चाळण्यांची उतरंड मशीनवर चढवायची, ती तासन् तास हलताना कान बधिर करून घ्यायचे, मग लोहचुंबक फिरवायचा आणि उरलेले दाणे मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक बाजूला सारायचे. खरं नाव हजेरीपुरतं उरलं आणि साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांचे ते चाळणकाका झाले. गल्लीनेही तेच नाव उचललं. काकांना त्याचं काही वाटत नसे. साहेबाला ऑफिसात जे म्हणत असत त्यापेक्षा हे पुष्कळच बरं होतं.

किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू काळीभोर असते. तिच्यात जड खनिजं असतात: काळं इल्मेनाइट, पाण्यासारखं नितळ झिरकॉन, लाल गार्नेट. समुद्र ही खनिजं घडवत नाही. डोंगरातला खडक झिजतो, नदी त्याचा चुरा खाली आणते, लाटा हलकं ते ओढून नेतात आणि जड ते मागे ठेवतात. तेव्हा काकांनी करायचं एवढंच, की किनाऱ्यावरचा दाणा उचलायचा आणि तो कुठल्या खडकातून सुटला ते शोधत नदीनदीने वर डोंगरात जायचं. "वाळूचं माहेर शोधतोय आमचा हा," असं त्यांचा थोरला भाऊ, दादा, कौतुकाने सांगायचा.

बाकी सगळ्या दाण्यांना काकांनी आपापल्या माहेरी पोचवलं होतं. घोडं अडलं ते एका लाल दाण्यापाशी. खाडीच्या तोंडाजवळच्या वाळूत तो हटकून सापडायचा. रंगाला किंचित जांभळट, आणि कडा फुटलेल्या काचेसारख्या धारदार. नदीतून लांबचा प्रवास करून आलेला दाणा घासून घासून गुळगुळीत होतो. हा तर कालच खडकातून निघाल्यासारखा दिसे. म्हणजे त्याचा खडक जवळच कुठेतरी असायला हवा. पण जवळच्या डोंगरांतले सगळे गार्नेट तपकिरी होते, आणि तपासणीच्या मशीनमध्ये घातले तर कशाचे आकडे कशाशी जुळत नसत. सगळे डोंगर पालथे घालून झाले. उरली फक्त घळ.

घळ म्हणजे नदी जिथे दोन कड्यांमधून अंग चोरून जाते ती जागा. वर वीजकेंद्र आहे. दिवसा मधल्या धारेत गुडघाभर पाणी असतं, बाकी पात्र कोरडं असतं. संध्याकाळी शहरात दिवे लागले की वर पाणी सोडतात आणि ती सगळी घळ भरून जाते. पाणी सोडताना भोंगा वाजवतात म्हणे. घळीत उभं राहणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

दादा तिथेच गेला.

दादा भाड्याचा टेम्पो चालवायचा. अंगाने दांडगा, स्वभावाने गरीब, आणि भावाच्या शिक्षणाचा त्याला असा अभिमान, की गिऱ्हाईकाने नुसतं "घरी कोण कोण असतं?" विचारलं तरी हा वाळूपासून सुरुवात करायचा. सुट्टीच्या दिवशी तो काकांना टेम्पोतून डोंगराकडे न्यायचा, दगडांची पोती उचलायचा, भूक लागली की चिडायचा आणि खाल्लं की शीळ घालायचा. त्या दिवशी भयंकर उकडत होतं. काका वर एका कपारीत हातोडा मारत होते, दादा खाली पात्रात वाकून थैलीत वाळू भरत होता. शहरभर पंखे गरगरत होते, वीज पुरेना, म्हणून वीजकेंद्राने पाणी दुपारीच सोडलं. ते आलं आवाज न करता. काकांनी मागे वळून पाहिलं तेव्हा जिथे दादा वाकला होता तिथे सपाट हिरवं पाणी होतं आणि त्याच्यावर दादाची टोपी फिरत होती.

घरी आल्यावर काकांनी वहिनींना सांगितलं, की दादालाही त्या दगडाचं वेड लागलं होतं. हे सांगताना ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं, कारण दुसरं काही खरं असणं त्यांना सोसण्यासारखं नव्हतं. पुढे ते म्हणाले, "वहिनी, तो दगड मी शोधून काढीन. आणि ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी तुम्हाला तिथे नेईन." त्यानंतर काका डोंगरातून परत आले की त्या दार उघडताना विचारायच्या, "सापडला का, भाऊजी?" पुढे पुढे विचारणंही बंद झालं, त्या नुसत्या काकांच्या झोळीकडे बघायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या. काकांचं लग्न राहून गेलं. वरच्या मजल्यावर ते, खाली वहिनी आणि दादाची मुलगी. ह्या घराला टेकू होता तो न सापडलेल्या दगडाचा, आणि हे तिघांनाही माहीत होतं.

मधल्या वर्षांत एक चमत्कारिक गोष्ट झाली होती. किनाऱ्यावरचे ते लाल दाणे कमी होत चालले. आधी चिमटीत सहज सापडणारा दाणा पुढे ओंजळभर वाळूत शोधावा लागे. दुसऱ्या कुणी ह्यावर विचार केला असता. काकांनीही केला, आणि घळीत दरड कोसळून तो खडक झाकला गेला असणार, असं ठरवून टाकलं. माणसाने एकदा डोंगराकडे तोंड केलं, की त्याला सगळ्या वाटा डोंगराकडेच जाताना दिसतात.

पुतणी मोठी झाली आणि दगडच शिकायला गेली. वहिनींनी आकांडतांडव केलं, काकांनी तोंडदेखलं समजावलं आणि मनातून त्यांना इतका आनंद झाला, की त्याची त्यांना लाज वाटली. मुलगी हुशार होती, चपळ होती, दोरावरून कड्यावर चढायला शिकली होती. बापाचा चेहरा तिला फोटोपुरता आठवे. पण बाप दगड शोधताना गेला, हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की तो दगड हेच तिला बापाचं घर वाटू लागलं होतं. "बाबांचं राहिलेलं काम आहे ते, काका," ती म्हणायची. तिने वीजकेंद्राकडे अर्ज केला आणि पुढच्या आठवड्यात एक अख्खा दिवस पाणी न सोडण्याचं कबूलही करून घेतलं. घळीत उतरून कपार न् कपार बघायची, असा तिचा बेत होता.

आणि अशात घराचं गेट गंजून निखळलं.

खाऱ्या हवेत लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. वहिनी म्हणाल्या, "नवं नको, हेच साफ करून आणा. ह्यांनी बसवलेलं आहे." म्हणून काकांनी ते गेट हातगाडीवर घालून गावाबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे हवेच्या जोरावर वाळूचा मारा करून गंज काढतात. एक माणूस डोक्यावर टोप चढवून पाइप धरून उभा होता, कानठळ्या बसत होत्या, धूळ उडत होती. काका पत्र्याच्या शेडबाहेर स्टुलावर बसून राहिले. काम झालं, आवाज थांबला, आणि काका गेट बघायला आत गेले तेव्हा त्यांच्या चपलेखाली काहीतरी करकरलं.

सवयच ती. त्यांनी वाकून चिमूटभर वाळू उचलली, उजेडात आले आणि भिंग डोळ्याला लावलं.

जांभळट लाल. धारदार.

पायाखालची वाळू सरकली असं म्हणायची रीत आहे. काकांच्या पायाखालची वाळू जागच्या जागी होती, ढिगाने होती, आणि तीच तर भीती होती. त्यांनी खाली बसून मूठभर उचलली. सगळे दाणे तेच. आयुष्यभर एकेक करून सुईच्या टोकाने वेचलेला तो दाणा इथे फावड्याने ओढून कोपऱ्यात लोटला होता.

"ही वाळू कुठली?" त्यांनी वर्कशॉपवाल्याला विचारलं.

"पोत्यातून येते, साहेब."

"पोत्यात कुठून येते?"

"बोटीनं येते, समुद्रापलीकडून. तिकडे खाण आहे म्हणे. दगड फोडून, चाळून पाठवतात. चांगली कडक असते, लोखंडाला झक्क लागते."

"इथे कधीपासून वापरतात?"

"मी हल्लीच सुरू केलं. आधी खाडीवरच्या गोदीत कामाला होतो ना मी. बोटींचे तळ घासायला तिथे ही डोंगराएवढी लागायची. घासून झालं की द्यायची पाण्यात लोटून, कोण उचलत बसणार! पुढे गोदीच बंद पडली." वर्कशॉपवाल्याने काकांकडे नीट पाहिलं. "पाणी देऊ का, साहेब? तुमचा चेहरा बरा दिसत नाही."

खाडीच्या तोंडाशी गोदी होती. तिच्या भिंतीला लागून उभं राहून काकांनी वाळूच्या थैल्या भरल्या होत्या. आतून येणाऱ्या खरखराटाने डोकं उठतं, अशी तक्रारही केली होती. भिंतीपलीकडे काय चाललंय ते एकदा डोकावून बघावं, असं त्यांच्या मनात आलं नाही. वाळू वरून येते, डोंगरातून. भिंतीपलीकडून वाळू येते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि गोदी बंद पडल्यावर दाणे कमी झाले, तेव्हा ह्या शहाण्या माणसाने घळीत दरड पाडली.

त्यांनी पुडी बांधून घेतली. ऑफिसात जाऊन ते दाणे जुन्या दाण्यांशेजारी ठेवले, तपासणीच्या मशीनमध्ये घातले. आकडे जुळले. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी जीव टाकला तो क्षण असा आला, आणि काका मायक्रोस्कोपवर कपाळ टेकून बसले. दगड नव्हताच. ह्या नदीवर, ह्या डोंगरात, त्या घळीत तो कधीच नव्हता. दादा बोटीच्या तळाखालचा कचरा शोधताना मेला होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी सांगायला हवं होतं. मला त्यांचा राग येतो तो इथे. दाणा चुकला ह्याचा येत नाही, चुकतो माणूस. पण पुतणी समोर बसून दोर किती लागेल ते सांगतेय, हेल्मेट कुणाचं आणायचं ते ठरवतेय, आणि हा माणूस खिशातली पुडी बोटांनी चाचपत मूग गिळून बसला. सांगायचं म्हणजे वहिनींच्या तोंडावर सांगायचं, की तुमचा नवरा फुकट गेला. त्याऐवजी त्यांनी आडून आडून प्रयत्न केला.

"हा उकाडा ओसरू दे जरा. मग जा."

"पाणी बंद ठेवायला ते पुन्हा कबूल होतील का, काका?"

"दुसरं कुणीतरी सोबत घे."

"घेतेय ना. काका, तुम्हाला झालंय काय? आयुष्यभर तुम्हीच म्हणत आलात, घळीतच आहे, घळीतच आहे. आता मी जाते म्हटल्यावर तुम्हाला नकोय? का मला आधी सापडेल म्हणून?"

हे ती चिडवायला म्हणाली, पण काका ताटावरून उठले. वहिनी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. पुढच्या आठवड्याला अजून अवकाश आहे, असा काकांनी स्वतःला धीर दिला. रोज सकाळी आज सांगू म्हणत ते जिना उतरत, आणि रोज उद्यावर टाकून जिना चढत. त्यांना अन्न गोड लागेना. ऑफिसात चाळण्यांचं मशीन रिकामंच हलत राही आणि शिपाई येऊन ते बंद करी.

एका सकाळी ते खाली आले तर पुतणीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि भिंतीवरचा दोर नव्हता.

"कुठे गेली?"

"तुम्हाला नाही सांगितलं?" वहिनी म्हणाल्या. "वरचं मशीन बिघडलंय म्हणे, दुरुस्तीसाठी बंद आहे. वीजकेंद्रात विचारून घेतलं तिनं. म्हणाली, पुढच्या आठवड्यापर्यंत कशाला थांबायचं, आज पाण्याचा धोकाच नाही. उजाडताच गेली."

"एकटी?"

वहिनींनी मान हलवली आणि पदराला हात पुसले. काकांनी वीजकेंद्राचा नंबर फिरवला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला.

"आज बंदच आहे, साहेब," पलीकडचा माणूस म्हणाला. "पण काम होत आलंय. झालं की लगेच सोडणार. शहरातून फोनवर फोन येताहेत, उकाडा किती आहे बघताय ना."

"खाली घळीत माझी पुतणी आहे. सोडू नका. हात जोडतो, आज सोडू नका."

"मी वर सांगून ठेवतो. पण सोडणं-थांबवणं माझ्या हातात नाही, साहेब."

काका गाडीची किल्ली शोधू लागले. ती त्यांच्या हातातच होती. गाडीचं दार उघडलं तर वहिनी आधीच पुढे बसलेल्या. पायात घरातल्या सपाता, पदराला पाण्याचे हात पुसलेले. त्या वाटेने त्या आजवर कधीच गेल्या नव्हत्या. काका त्यांना नेणार होते ते दगड सापडल्यावर.

रस्त्याकडेच्या प्रत्येक दुकानात पंखा फिरत होता. केस कापणाऱ्याच्या डोक्यावर, औषधवाल्याच्या काउंटरवर, शाळेच्या उघड्या खिडक्यांमधून ओळीने. काकांना वाटत होतं, गाडी थांबवून आत शिरावं आणि एकेक बटण बंद करत सुटावं. वहिनी मुलीला फोन लावत होत्या. लागत नव्हता. त्या पुन्हा लावत होत्या.

"भाऊजी," त्या एकदम म्हणाल्या, "गेले काही दिवस तुम्ही जेवत नाही. तिला जाऊ नको म्हणता, पण का ते सांगत नाही. तुम्हाला काय माहीत आहे?"

आणि काकांनी सांगितलं. समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. गेट, लाल वाळू, गोदी, समुद्रापलीकडची खाण. "घळीत दगड नाही, वहिनी. कधीच नव्हता. मी चुकलो. दादा उगाचच गेला. आणि हे मला इतके दिवस माहीत होतं, आणि मी बोललो नाही."

वहिनींच्या हातातला फोन मांडीवर पडला. काकांना वाटलं, आता त्या ओरडतील, रडतील, मारतील तरी. काहीही चाललं असतं. वहिनींनी फोन उचलला, पुन्हा नंबर लावला आणि म्हणाल्या, "ते नंतर. आधी गाडी जोरात घ्या."

डांबरी रस्ता संपतो तिथून घळीत पायवाट उतरते. पुतणीची स्कूटर झाडाखाली उभी होती. काकांचे गुडघे पहिल्याच वळणावर बोलू लागले. वहिनींनी सपाता फेकून दिल्या आणि त्या अनवाणी पुढे निघाल्या, खडकाला धरत, घसरत, मुलीचं लाडाचं नाव घेऊन हाका मारत. ते नाव मुलगी मोठी झाल्यापासून घरात कुणी घेतलं नव्हतं. घळ ते नाव गिळत होती. काका मागून ओरडत उतरत होते. खाली पात्रातले दगड कोरडे होते. हे बघून त्यांना जास्तच धडकी भरली. त्या दिवशीही ते असेच कोरडे होते.

मग कड्याच्या वळणावर पिवळं हेल्मेट दिसलं.

"आई? काका?" पुतणी खालून ओरडली. तोंडभर हसू. "अहो, सापडला! काका, सापडला!" ती एका हाताने काहीतरी वर धरून दाखवत होती.

"वर ये!" वहिनी किंचाळल्या. "आधी वर ये!"

"अगं, आज पाणी बंद..."

"वर ये म्हणते ना!"

आईचा तो आवाज तिने कधी ऐकला नसावा. ती चढू लागली. काकांनी पालथं पडून हात खाली सोडला, वहिनींनी तिचा दंड धरला आणि दोघांनी मिळून तिला कपारीवर ओढून घेतलं. तिचा गुडघा फुटला, काकांचा सदरा फाटला. तिघंही धापा टाकत तिथेच बसले. "काय हे, काय झालंय काय तुम्हाला," असं पुतणी वैतागून म्हणाली आणि तिच्याच बोलण्यामागून खाली काहीतरी बदललं. वाऱ्याची थंड झुळूक आली. दगडांमधून आधी एक पातळ चकाकी सरकत गेली, मग ते दगड दिसेनासे झाले. कसलाही आवाज नव्हता. ती जिथून चढली ती जागा हिरव्या पाण्याखाली गेली आणि पाणी वर येत राहिलं.

पुतणी पांढरीफटक पडली. वहिनींनी तिला पोटाशी ओढलं आणि आधी पाठीत एक जोरदार धपाटा घातला. मग तिला सोडलंच नाही.

बऱ्याच वेळाने पुतणीने मूठ उघडली. तिच्या हातात खडकाचा तुकडा होता, लाल ठिपक्यांचा. "उतरल्याचं सार्थक तरी झालं," ती हुंदके देत म्हणाली. "आई, हा बघ. बाबांचा दगड. पाण्याच्या रेषेखाली होता, म्हणून काकांना दिसला नाही. काका, भिंग लावा ना."

काकांनी भिंग लावलं नाही. लाल ठिपके तपकिरीकडे झुकणारे होते; उघड्या डोळ्यांना दिसत होतं. इतक्या आशेने ती त्यांच्याकडे बघत होती, की हाच तो, असं म्हणून मोकळं व्हावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी तोंड उघडलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "खरं ते सांगा. आत्ताच्या आत्ता. नाहीतर ही हा दगड तपासेल, तो जुळायचा नाही, आणि ही पुन्हा इथे उतरेल."

काकांनी खिशातली पुडी काढून पुतणीच्या दुसऱ्या हातावर रिकामी केली आणि भिंग तिच्याकडे दिलं. ती बघू लागली. ते सांगत गेले. तिला फार सांगावं लागलं नाही. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. ती दोन्ही हातांकडे आलटून पालटून बघत राहिली. खाली पाणी घळ भरून वाहत होतं.

"मग बाबा कशासाठी गेले?" तिने विचारलं. काकांनाच विचारलं.

आजवर दिलेलं एकुलतं एक उत्तर त्यांच्यापाशी उरलं नव्हतं.

"दगडासाठी नाही गेले," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या बापाला दगडातलं काय कळत होतं? त्यांना तर हा डोंगर मेला आवडायचाही नाही, उन्हात डोकं दुखायचं. त्या दिवशी सुट्टी होती, अंग टाकून पडायचं ठरलं होतं. काकांनी दारातून हाक मारली, 'दादा, येतोस का?' ते चहा अर्धा ठेवून उठले. मी म्हटलं, नाही म्हणून सांगा ना एक दिवस. तर म्हणाले, नाही म्हटलं तर तो एकटा जाईल गं."

काकांनी हे कधीच ऐकलं नव्हतं. वहिनींनी ते इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. दार उघडताना त्या झोळीकडे बघायच्या, तेव्हा हेच वाक्य त्यांच्या तोंडात असायचं, आणि ते त्या गिळायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या.

काका त्या कपारीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि मोठ्याने रडू लागले. दादा गेला तेव्हा ते रडले नव्हते. तेव्हा त्यांच्यापाशी दगड होता. पुतणीच्या हातातली लाल वाळू बोटांमधून गळून खडकावर पडली, आणि कुणी ती गोळा केली नाही.

वहिनींनी काही वेळ त्यांना रडू दिलं. मग उठून पदर खोचला.

"चला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ही घामानं भिजली आहे. हिला थंडी वाजतेय."